इंग्रजी अध्यापनाची संदर्भसाधने

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, अशा विद्यार्थ्यांना ती भाषा शिकविताना शिक्षक ज्या शब्दसूची, शब्दकोश व भाषासंग्रह यांचा आणि अलीकडच्या काळात महाजालावरील ज्या साधनांचा आधार घेतो, त्यांना स्थूलमानाने इंग्रजी अध्यापनाची संदर्भसाधने असे म्हणता येईल. पाठ्यपुस्तके, तक्ते, ध्वनिमुद्रिका इ. शैक्षणिक साधनांहून ती वेगळी होत. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यासाठी असते. संदर्भसाधन मुख्यतः शिक्षकाच्या शंकेसाठी असते. एखादा शब्द कितपत वापरात आहे, त्याच्यापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते, विद्यार्थ्याने लिहिलेले वाक्य चूक आहे की केवळ अपरिचित आहे, अशा शंका मातृभाषिक शिक्षक आपल्या कानाला विचारून सोडवितो. परभाषिक शिक्षकास तसे करता येत नाही. या साधनांचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्या अडचणीवर शोधलेल्या उपायांचा इतिहास असून त्यातील अनेक महत्त्वाचे टप्पे इंग्लंडबाहेर, विशेषतः ढाका व टोकिओ येथे घडले. कोल्हापूरचेही त्यात एक स्थान आहे.

एकोणिसाव्या शतकात मराठी प्रदेशात इंग्रजी शिक्षणास आरंभ झाला, तेव्हा उपलब्ध असलेले कोश द्वैभाषिक होते. जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी–मराठी कोश टॉमस कँडी यांनी पुरा करून १८४७ मध्ये प्रकाशित केला. हे कोश थोर योग्यतेचे आहेत. तथापि राज्यकारभार, धर्मप्रसार व भाषांतर ही त्यांची प्रयोजने होती. शब्दाचा अर्थ ते सांगत. पण तो शब्द वाक्यात कसा चालवावा आणि मुळात तो आधी शिकावा की नंतर, याविषयी त्यांतून काही कळत नसे. दुर्मिळ शब्द व नित्याचा शब्द त्यांत एकाच पंक्तीला बसत. पुढे महाराष्ट्रात अनेक पिढ्यांनी वापरलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतही भाषांतर हेच अध्ययनाचे साधन व भाषांतर हीच त्याची कसोटी होती. मराठीतून नियम समजावून देणारी ही पाठमाला शिक्षकाला मोठा आधार देत असे. मात्र पाठमालेत नसलेल्या वाक्याबद्दल शंका आली, तर शिक्षकाला दुसरीकडे वळावे लागे.

शब्दसूची : कोणते शब्द आधी शिकवावेत, हा प्रश्न मोजणीने सुटेल अशी कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. जर्मनीत एफ. डब्ल्यू. केडिंग यांनी लघुलेखनाच्या सोयीसाठी सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची गणना करून १८९७-९८ मध्ये वारंवारता-कोश प्रसिद्ध केला होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांनी बायबल, अभिजात साहित्य, पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे व पत्रव्यवहार यांतील शब्द मोजून १९२१ मध्ये शिक्षकांसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची सूची तयार केली. १९३२ मध्ये ती २०,००० शब्दांची व १९४४ मध्ये अर्विंग लॉर्ज यांच्या सहकार्याने ३०,००० शब्दांची झाली. ही मोजणी हातांनी केलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यामागील परिश्रमांची कल्पना येते. मात्र तीत शब्दाची रूपे मोजली होती, अर्थ मोजलेले नव्हते. ‘बँक’ हा शब्द पेढीच्या अर्थाने किती वेळा आला व नदीकाठाच्या अर्थाने किती वेळा, हे तिच्यावरून कळत नसे.

या सूचींना वर्गातील गरजेशी जोडण्याचे काम मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) यांनी केले. इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमध्ये असलेले वेस्ट ढाका येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्विभाषिकतेविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे निरीक्षण साधे, पण दूरगामी होते : बहुसंख्य मुले शिक्षण मध्येच सोडतात, तेव्हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर काय मिळते यापेक्षा तो अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या पदरी काय पडते, हे पाहिले पाहिजे. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी सोडल्यास जी रक्कम हाती येते, तिच्याशी त्यांनी या लाभाची तुलना केली. दोन वर्षे व्याकरणाचे नियम घोकून शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही; पण थोड्या शब्दांत लिहिलेली पुस्तके वाचता येऊ लागली, तर तेवढे तरी त्याच्याजवळ राहते. त्या काळची वाचनपुस्तके वेस्ट यांनी तपासली, तेव्हा नवे शब्द त्यांत दाटीने येतात आणि त्यांतील पुष्कळसे पुन्हा भेटतही नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी नव्या शब्दांची संख्या कमी केली, त्यांच्यामधील अंतर वाढविले आणि जुन्या वाङ्‌मयीन शब्दांच्या जागी नित्याचे शब्द योजून आपली वाचनमाला तयार केली.

शब्द मर्यादित करण्याचे इतरही प्रयत्न याच सुमारास झाले. सी. के. ऑग्डेन (१८८९–१९५७) यांनी १९३० मध्ये पुढे मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये अवघे ८५० शब्द होते व त्यांत क्रियापदे केवळ १८ होती. या योजनेला जगभर प्रसिद्धी मिळाली; पण शिक्षकांच्या दृष्टीने ती फसवी होती. ‘एंटर’ हा एक शब्द टाळून ‘गो इन’ म्हटल्याने शब्दांची संख्या घटते, शिकणाऱ्याची अडचण घटत नाही. किंबहुना अशी जोडक्रियापदेच त्याला अधिक छळतात. वेस्ट यांनी १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह या योजनेची कठोर चिकित्सा केली. त्याच वर्षी कार्नेगी निधीच्या साहाय्याने न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत वेस्ट, थॉर्नडाइक व हॅरल्ड पामर एकत्र आले. तेथील चर्चेवरून १९३६ मध्ये शब्दनिवडीसंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याचा विस्तार होऊन १९५३ मध्ये वेस्ट यांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रकाशित झाली. सुमारे २,००० शीर्षशब्दांच्या या सूचीत प्रत्येक शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांचे प्रमाणही दिलेले होते. केवळ वारंवारता ही तिची कसोटी नव्हती. शब्द शिकण्यास किती सोपा आहे, त्याच्यावाचून अडते काय, त्याने इतर किती शब्दांचे काम भागते, याचाही विचार वेस्ट यांनी केला. वृत्तपत्रांतील शब्दगणनेत खडू आणि फळा फार मागे पडतात. वर्गात मात्र ते पहिल्या दिवसापासून लागतात. मोजणी व विवेक यांचा हा मेळ पुढील काळातील पुष्कळ यांत्रिक सूचींत आढळत नाही.

अध्ययनार्थी शब्दकोश : वेस्ट व जेम्स एंडिकट यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘न्यू मेथड’ शब्दकोश हा परभाषिक विद्यार्थ्यासाठी रचलेला पहिला एकभाषी इंग्रजी शब्दकोश मानला जातो. त्यात सु. २४,००० नोंदींचे अर्थ १,४९० शब्दांच्या मर्यादेत सांगितलेले आहेत. अर्थ सांगणारे शब्द हे ज्याचा अर्थ सांगावयाचा त्या शब्दाहून सोपे असावेत, हे तत्त्व आज सहज पटते. परंतु मातृभाषिकांसाठी रचलेल्या कोशांत ते पाळले जात नव्हते व त्यांना ते पाळण्याचे कारणही नव्हते.

वेस्ट यांचा कोश वाचणाऱ्यासाठी होता. लिहिणाऱ्याची गरज निराळी असते आणि ती जपानमध्ये ओळखली गेली. हॅरल्ड पामर (१८७७–१९४९) हे १९२२ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाचे भाषिक सल्लागार म्हणून टोकिओस गेले. पुढच्याच वर्षी तेथे इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये जपानला गेलेले ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) या संस्थेच्या कार्यात सामील झाले व पामर १९३६ मध्ये परतल्यानंतर त्यांनी ते काम पुढे नेले. शब्दसंबंध, वाक्प्रचार व क्रियापदांचे आकृतिबंध यांवर या मंडळींनी जी टिपणे जमविली होती, त्यांतून हॉर्नबी, ई. व्ही. गेटनबी व एच. वेकफील्ड यांनी सिद्ध केलेला शब्दकोश टोकिओतील काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी ब्रिटन व जपान एकमेकांशी युद्ध करीत होते आणि हॉर्नबी यांना जपान सोडावे लागले. युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयाने हाच कोश छायामुद्रणाने पुन्हा छापला. १९५२ पासून तो ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९६३ व १९७४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि भारतातील शाळा-महाविद्यालयांत तो सर्वपरिचित झाला.

या कोशाचे खरे सामर्थ्य त्यातील अर्थांत नव्हते, तर त्यातील आकृतिबंधांत होते. हॉर्नबी यांनी इंग्रजी क्रियापदांचे २५ आकृतिबंध कल्पून प्रत्येक क्रियापदापुढे त्याला लागू पडणाऱ्या आकृतिबंधांचे क्रमांक दिले. ‘टेल’ व ‘सजेस्ट’ या दोहोंचा अर्थ मराठी विद्यार्थ्यास ठाऊक असतो. पण ‘टेल’च्या धर्तीवर ‘सजेस्ट’ चालविला की वाक्य बिघडते. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘ॲडव्हाइस’ यांची अनेकवचने आपल्याकडील उत्तरपत्रिकांत सर्रास आढळतात, कारण मराठीत सल्ले देता येतात आणि माहिती मोजण्याचा प्रश्नच येत नाही. मोजता येणारी व न येणारी नामे कोशात खुणांनी वेगळी दाखविल्यामुळे ही शंका प्रथमच कोश उघडून सोडविता येऊ लागली. मातृभाषिक अशी चूक करीत नाही. म्हणून त्याच्यासाठी रचलेल्या मोठमोठ्या कोशांतही या माहितीला स्थान नव्हते. परभाषिकाच्या चुका सांभाळता सांभाळता इंग्रजीचे वर्णन अधिक सूक्ष्म झाले, ही या कोशपरंपरेची मोठी देणगी होय. आकृतिबंधांचे क्रमांक मात्र फारच थोड्या विद्यार्थ्यांनी पाठ केले असतील. नंतरच्या कोशांनी ते सोडून देऊन वाक्यरचना उघड शब्दांत दाखविण्यास सुरुवात केली.

१९७८ मध्ये लाँगमन प्रकाशनाचा समकालीन इंग्रजीचा कोश पॉल प्रॉक्टर यांच्या संपादकत्वाखाली निघाला. त्याने वेस्ट यांचे तत्त्व पुन्हा उचलले व सुमारे २,००० शब्दांत सर्व व्याख्या बसविल्या. त्यामुळे काही व्याख्या लांबट व ओढूनताणून केल्यासारख्या झाल्या. पण शिक्षकांनी तो दोष सहज स्वीकारला.

भाषासंग्रह : इथवरच्या सर्व साधनांच्या मुळाशी संपादकाचे वाचन व त्याची भाषिक जाण होती. प्रत्यक्ष भाषेचा प्रमाणबद्ध नमुना गोळा करून तो संगणकाकरवी तपासण्याची पद्धत अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा व डब्ल्यू. नेल्सन फ्रान्सिस यांनी सुरू केली. १९६१ मध्ये छापल्या गेलेल्या अमेरिकन मजकुरांतून प्रत्येकी सु. २,००० शब्दांचे ५०० नमुने घेऊन त्यांनी १० लाख शब्दांचा संग्रह तयार केला व तो १९६४ मध्ये अभ्यासकांना खुला झाला. त्याच आराखड्याने ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह लँकेस्टर, ऑस्लो व बर्गेन येथील अभ्यासकांनी १९७८ मध्ये पुरा केला.

यानंतरचे पाऊल कोल्हापुरात पडले. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली ब्राउन संग्रहाच्या धर्तीवर भारतीय इंग्रजीचा १० लाख शब्दांचा संग्रह सिद्ध करण्यात आला. त्याची परिचयपुस्तिका १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने तो जगभरच्या भाषावैज्ञानिकांत प्रसिद्ध आहे. अमेरिकन व ब्रिटिश संग्रह १९६१ मधील मजकुराचे असताना येथे १९७८ हे वर्ष निवडलेले आहे. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय इंग्रजीला जे स्वतःचे रूप येत गेले, ते त्या वर्षापर्यंत पुरेसे स्थिरावले असावे, अशी त्यामागील दृष्टी होती. मूळ इंग्रजीभाषक देशांबाहेरील इंग्रजीचा असा संग्रह त्याआधी झालेला नव्हता. संगणक दुर्मिळ असलेल्या काळात एका प्रादेशिक विद्यापीठाने केलेल्या या कामाची महाराष्ट्रातील शिक्षणक्षेत्राला मात्र फारशी माहिती नाही. पुढे ‘इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश’ या बहुराष्ट्रीय प्रकल्पातील भारतीय भागाचे कामही शिवाजी विद्यापीठ व बर्लिन येथील मुक्त विद्यापीठ यांच्या सहकार्याने झाले. त्यात लिखित भाषेपेक्षा बोली भाषेचे नमुने अधिक आहेत.

या संग्रहाने एक अवघड प्रश्न पुढे आणला. भारतीय विद्यार्थी ‘डिस्कस अबाउट’ असे लिहितो, तेव्हा शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढतो. पण सुशिक्षित भारतीयांच्या छापील इंग्रजीत एखादा प्रयोग वारंवार आढळू लागला, तर त्याला चूक म्हणावे की भारतीय इंग्रजीचे लक्षण? भाषासंग्रह प्रयोगाची वारंवारता सांगतो. त्याची ग्राह्यता ठरवीत नाही. ‘प्रीपोन’ हा शब्द भारतीय इंग्रजीचा म्हणून आता प्रतिष्ठित कोशांत दाखल झालेला आहे. असे भाग्य थोड्याच शब्दांच्या वाट्याला येते आणि परीक्षक तर कोशापेक्षाही सावकाश बदलतात. त्यामुळे वर्गात प्रमाण कोणते मानावयाचे, याचा निर्णय आजही बहुधा एकेकट्या शिक्षकावर पडतो.

भाषासंग्रहाचा कोशरचनेत पूर्ण अवलंब बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर (१९३३–२००७) यांनी केला. कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेच्या साहाय्याने १९८० मध्ये सुरू झालेल्या ‘कोबिल्ड’ प्रकल्पाचा शब्दकोश १९८७ मध्ये बाहेर पडला. त्यातील उदाहरणे रचलेली नव्हती; ती संग्रहातून उचललेली होती आणि व्याख्याही पूर्ण वाक्यांत, शिक्षक वर्गात जशा सांगेल तशा, दिलेल्या होत्या. सिंक्लेअर यांच्या निष्कर्षांनी अनेक समजुतींना धक्का बसला. ‘सी’ या क्रियापदाचा डोळ्यांनी पाहणे हा अर्थ आपण पहिला शिकवितो. पण प्रत्यक्ष वापरात समजणे, ध्यानात येणे हे अर्थच पुढे असतात. ‘टेक’चा घेणे हा मूळ अर्थ मागे पडून ‘टेक अ लुक’सारख्या जोड्यांत तो शब्द अर्थहीन आधारापुरता उरतो. ‘सेट इन’ या क्रियापदाचा कर्ता जवळजवळ नेहमी अप्रिय असतो : कुजणे, निराशा, ऱ्हास अशा गोष्टीच ‘सेट इन’ होतात. मराठीतही ‘माजणे’ हे क्रियापद गोंधळ, बेबंदशाही, रान यांच्याशीच शोभते, सुख कधी माजत नाही; परंतु मराठी माणसास हे कोशात पाहावे लागत नाही.

बर्मिंगहॅम येथेच टिम जॉन्स यांनी भाषासंग्रह थेट विद्यार्थ्यांपुढे ठेवला. संगणक एखाद्या शब्दाची सर्व उदाहरणे एकाखाली एक अशी मांडतो, की तो शब्द मध्यभागी एका रेषेत येतो व त्याचा मागचापुढचा संदर्भ दोन्ही बाजूंना दिसतो. अशा ओळींवरून विद्यार्थ्याने नियम स्वतः शोधावा, ही जॉन्स यांची पद्धती. तिचे यश विद्यार्थ्याच्या तयारीवर अवलंबून असते. नवशिक्या विद्यार्थ्यास ती गोंधळात पाडते. शिक्षकास मात्र ती स्वतःच्या शंकानिरसनासाठी फार उपयोगी पडते.

महाजालावरील साधने : १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’मध्ये १० कोटी शब्द आहेत. मार्क डेव्हिस यांनी २००८ मध्ये खुला केलेला समकालीन अमेरिकन इंग्रजीचा संग्रह पुढे १०० कोटींवर गेला आणि २० देशांतील इंग्रजीचा त्यांचा १९० कोटी शब्दांचा संग्रह (२०१३) भारतीय मजकुरालाही स्थान देतो. माँट्रिऑल येथील टॉम कॉब यांच्या ‘लेक्सट्यूटर’ या संकेतस्थळावर एखादा उतारा चढविला, की त्यातील किती शब्द पहिल्या हजारातील, किती दुसऱ्या हजारातील व किती त्यापलीकडचे हे क्षणात कळते. वेस्ट यांनी ढाक्यात जी चिकित्सा महिनोन्‌महिने खपून केली, ती अशा रीतीने कोणाही शिक्षकाच्या आवाक्यात आली. जपानमधील वासेडा विद्यापीठाचे लॉरेन्स अँथनी यांची ‘अँटकाँक’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते व शिक्षकाने स्वतः जमविलेल्या मजकुरावरही चालते. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका किंवा आपल्याच वर्गातील निबंध तिच्या साहाय्याने तपासता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन व कॉलिन्स यांचे अध्ययनार्थी कोश उच्चारांच्या ध्वनीसह महाजालावर पाहावयास मिळतात.

छापील कोश कपाटात राहतो; संकेतस्थळाचे तसे नाही. मॅकमिलन प्रकाशनाचा अध्ययनार्थी कोश २००२ मध्ये मायकेल रंडेल यांच्या संपादकत्वाखाली निघाला. अत्यावश्यक असे सु. ७,५०० शब्द त्यात तांबड्या अक्षरांत व तारकांनी दर्शविले होते. २०१२ मध्ये प्रकाशकांनी छापील आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले आणि पुढे केवळ संकेतस्थळ चालू ठेवले. ३० जून २०२३ रोजी तेही बंद झाले. ज्या शिक्षकांनी आपल्या पाठांची आखणी त्या तारकांवर केली होती, त्यांच्या हाती त्या कोशाची जुनी छापील प्रत असेल तर तेवढीच उरली.

महाराष्ट्रात २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे स्वतः मराठी माध्यमात शिकलेले हजारो प्राथमिक शिक्षक इंग्रजीचे शिक्षक झाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावरून व पाठ्यपुस्तकांतील संकेतचौकटींतून त्यांना पाठांची सामग्री मिळते. परंतु त्यांच्या शंकांसाठी लागणारे कोश व संग्रह बहुतेक एकभाषी आहेत. एकभाषी कोशाचा आग्रह मुळात जपानमधील व बंगालमधील विशिष्ट परिस्थितीत आणि मातृभाषा वर्गाबाहेर ठेवण्याच्या तत्कालीन मताच्या प्रभावाखाली धरला गेला होता. त्याला आज तेवढे बळ उरलेले नाही. रमेश वामन धोंगडे यांनी संपादिलेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी–मराठी शब्दकोशासारखा द्वैभाषिक कोश येथे अधिक कामाचा ठरतो. मोल्सवर्थ यांचा कोशही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधण्याजोग्या रूपात उपलब्ध आहे. मात्र मराठी विद्यार्थ्याच्या चुका ध्यानात घेऊन, हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांसाठी केले तशा प्रकारचे काम मराठीत अजून व्हावयाचे आहे.

२०२२ च्या अखेरीपासून प्रसार पावलेल्या, स्वतः मजकूर रचणाऱ्या संगणकीय प्रणाली शिक्षकांच्या हाती आल्या. मागाल तेवढी उदाहरणवाक्ये, हव्या त्या पातळीचा उतारा व चुकांचे मराठीत स्पष्टीकरण त्या देतात. भाषासंग्रहातील वाक्य कोणी, कोठे व कोणत्या साली छापले ते दाखविता येते. या प्रणालींनी दिलेले वाक्य तत्पूर्वी कोणी लिहिलेले असेलच असे नाही. इंग्रजी चांगली अवगत असलेल्या शिक्षकास त्यातील खरेखोटे निवडता येते. ज्याला ते येत नाही, त्याने मिळालेले उत्तर कोशात किंवा भाषासंग्रहात पडताळून घ्यावे लागते.